कोणी कोणाबरोबर उडी मारायची?

लंडन पॅरालिंपिक, ३ सप्टेंबर २०१२. पुरुषांची उंच उडी, गट एफ-४२. सुवर्णपदक गेलं १.७४ मीटरला. रौप्य गेलं १.७४ मीटरला. कांस्यही गेलं १.७४ मीटरलाच.

सोनं मिळालं फिजीच्या इलिएसा देलानाला, चांदी भारताच्या गिरीश होसनगर नागराजेगौडाला आणि कांस्य पोलंडच्या लुकाश मामचाशला. उंच उडीत बरोबरी झाली की मागे जाऊन मोजतात: कोणी ती उंची कमी प्रयत्नांत पार केली, कोणाच्या उड्या कमी चुकल्या. त्या हिशोबात देलाना पुढे निघाला. ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकमध्ये फिजीला मिळालेलं हे पहिलंच पदक. पुढे तो फिजीच्या संसदेत निवडून गेला आणि युवक व क्रीडा खात्याचा सहायक मंत्रीही झाला. गिरीशचं रौप्य हे लंडन पॅरालिंपिकमधलं भारताचं एकुलतं एक पदक होतं. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याचा हा मुलगा त्याआधी किती जणांना माहीत होता, हे विचारण्यात अर्थ नाही.

निकालपत्रकात तिन्ही आकडे सारखे. पण त्या मैदानावर देलाना आणि गिरीश कसे धावत आले हे डोळ्यांसमोर आणा. देलानाचा डावा पाय तो तीन वर्षांचा असताना बसच्या अपघातात गेला. तो कृत्रिम पाय न लावता एका पायावर लंगडी घालत आला आणि त्याच पायावरून उडाला. गिरीशला दोन्ही पाय आहेत, पण डाव्या पायात दोष आहे. त्याने जुन्या कात्री पद्धतीने, म्हणजे एकामागून एक पाय काठीवरून नेत, उडी मारली. एकाला पाय नाही, दुसऱ्याला आहे पण तो हवं ते करत नाही. आता सांगा, हे दोघं ‘सारखे’ आहेत का?

कोणीतरी कुठेतरी बसून ठरवलं होतं की हो, आहेत. एफ-४२ या तीन अक्षर-अंकांचा अर्थ तोच. उंच उडीची काठी सगळ्यांना सारखीच असते, तिला कोणाचं काही कळत नाही. खरा खेळ त्याआधीच, टेबलापाशी खेळला जातो: कोणी कोणाबरोबर उडी मारायची? अपंग खेळाडूंच्या उंच उडीचा पन्नासेक वर्षांचा इतिहास म्हणजे बराचसा या एका प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे. (‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागदांवर आला त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत. या लेखातली बरीचशी माणसं त्याच्या आधीची आहेत, म्हणून मी जुनाच शब्द वापरतो आहे.)

पॅरालिंपिकच्या सुरुवातीला उंच उडी नव्हतीच, आणि असणं शक्यही नव्हतं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. मणक्याला इजा झालेली, चाकांच्या खुर्चीतली ही माणसं, बहुतेक युद्धातून परतलेली. या छोट्या स्पर्धेतूनच १९६० चं रोमचं पॅरालिंपिक उभं राहिलं. त्यामुळे ‘अपंग खेळाडू’ याचा अर्थ बराच काळ ‘चाकांच्या खुर्चीतला खेळाडू’ असाच राहिला. आपले मुरलीकांत पेटकर याच काळातले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. ज्याचा पाय कापला गेला आहे किंवा ज्याला दिसत नाही, अशा माणसाला तेव्हा पॅरालिंपिकमध्ये पदकासाठी उतरायला दारच उघडं नव्हतं.

ते उघडलं १९७६ च्या ऑगस्टमध्ये, कॅनडातल्या टोरांटोत. हातपाय गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडू पहिल्यांदाच स्पर्धेत आले, आणि त्यांच्याबरोबर उंच उडीही आली.

तिच्याबरोबर आला आर्नी बोल्ट. सस्कॅचवन प्रांतातल्या शेतकरी घरातला मुलगा. तीन वर्षांचा असताना धान्य वर चढवायच्या यंत्रात त्याचा एक पाय गेला. टोरांटोत आला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्याने लांब उडीत सोनं जिंकलंच, पण लोकांच्या लक्षात राहिली ती उंच उडी: एका पायावर, लंगडी घालत येऊन, १.८६ मीटर. काही दिवसांपूर्वीच त्याच देशात, माँट्रिऑलला, यात्सेक व्शोवा या १९ वर्षांच्या पोलिश मुलाने २.२५ मीटर उडी मारून ऑलिंपिकचं सोनं जिंकलं होतं. दोन पोरं, एक देश, एकच उन्हाळा. फरक एका पायाचा आणि ३९ सेंटिमीटरचा.

या ३९ सेंटिमीटरकडे जरा थांबून बघायला हवं. उंच उडी मारणारा माणूस धावत येतो तेव्हा शेवटच्या दोन पावलांत त्याचं शरीर किंचित खाली जातं, मग शेवटचा पाय जमिनीत रोवला जातो आणि दुसरा, मोकळा पाय गुडघ्यात वाकून जोरात वर झेपावतो. शरीराला वर नेण्यात त्या मोकळ्या पायाच्या झोक्याचा मोठा वाटा असतो. लंगडी घालणाऱ्याकडे तो मोकळा पायच नसतो. शेवटच्या दोन पावलांची जुळणीही नसते, कारण प्रत्येक पाऊल त्याच पायाचं. धावण्याचा वेग, तोल, वर उठणं, सगळं एका पायावर. झोका द्यायचा तो हातांनी. लहानपणी आपण सगळेच लंगडी खेळलो आहोत. दहा-बारा उड्यांत पोटरी भरून येते, हे आठवून बघा. आणि मग आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्याहून उंच काठी समोर ठेवा.

बोल्ट तिथे थांबला नाही. १९८१ मध्ये रोमला त्याने २.०४ मीटर उडी मारली. गिनीजच्या पुस्तकात ती उडी बरीच वर्षं छापली जात होती. आपल्याकडे घराच्या दाराची उंची साधारण सात फूट, म्हणजे २.१३ मीटर असते. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहा आणि वर बघा. चौकटीच्या वरच्या कडेपासून वीतभराहूनही कमी खाली बोल्टची काठी होती.

या २.०४ ला आणखी एक गंमत जोडलेली आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, म्हणजे खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं त्याच ऑलिंपिकमध्ये, उंच उडीचं सुवर्णपदक अमेरिकेच्या वॉल्टर डेव्हिसने जिंकलं. उंची २.०४ मीटर. हा डेव्हिस लहानपणी पोलिओने अंथरुणाला खिळला होता, काही वर्षं त्याला चालताही येत नव्हतं. पोलिओतून उठलेला माणूस धडधाकटांच्या ऑलिंपिकमध्ये जिथवर पोचला, तिथवरच २९ वर्षांनी एका पायाचा माणूस पोचला. ‘अपंग’ आणि ‘धडधाकट’ यांच्यातली रेघ कुठे मारायची, हा प्रश्न दोन आकड्यांनी इतका सोपा करून क्वचितच कोणी मांडला असेल.

हे वाचून असं वाटेल की नंतर कृत्रिम पाय सुधारले, कार्बन फायबरची पाती आली, म्हणजे हे आकडे वरवर गेले असतील. या गटात तसं सरळ घडलेलं नाही. गुडघ्याच्या वरून पाय नसलेल्या किंवा तितकाच दोष असलेल्या उडीपटूंना २०१६ मध्ये रिओत रौप्य आणि कांस्य मिळालं ते १.८६ मीटरला. २०२१ मध्ये टोकियोत झालेल्या स्पर्धेतही रौप्यपदक १.८६ लाच गेलं. बोल्टची टोरांटोतली उडी जशीच्या तशी उचलून पंचेचाळीस वर्षांनी टोकियोत ठेवली असती, तर तो पदकाच्या भांडणात असता. तंत्रज्ञानाच्या जोरावर माणूस पुढेच जातो, ही आपली आवडती गोष्ट इथे अडखळते. लांब उडीत पात्यावरून उडणारे खेळाडू फार पुढे गेले. उंच उडीत गुडघ्याच्या वरून पाय नसलेला खेळाडू साधारणपणे आपल्या चांगल्या पायावरूनच उडतो, आणि कृत्रिम पाय त्याला मागोमाग काठीवरून ओढून न्यावा लागतो.

आता त्या टेबलाकडे परत येऊ.

नवीन लोक आत आल्यावर त्यांची विभागणी कशी करायची हा प्रश्न आला. पहिलं उत्तर डॉक्टरांचं होतं: प्रत्येक प्रकारच्या अपंगत्वाला स्वतंत्र गट. गुडघ्याखाली पाय नसलेले वेगळे, गुडघ्यावर नसलेले वेगळे, हात नसलेले वेगळे, पूर्ण अंध वेगळे, अंशतः अंध वेगळे, १९८० पासून सेरेब्रल पाल्सी असलेलेही वेगळे. वैद्यकीय दृष्टीने हे चोख होतं. परिणाम असा झाला की १९८४ मध्ये, जेव्हा पॅरालिंपिक न्यूयॉर्क आणि स्टोक मँडेव्हिल अशा दोन ठिकाणी विभागून झालं, तेव्हा एकट्या मैदानी खेळांत चारशेच्या वर स्पर्धा झाल्या. तुलनेसाठी, २०२४ च्या पॅरिसमध्ये मैदानी खेळांच्या स्पर्धा होत्या १६४. चारशे स्पर्धा म्हटल्यावर कुठे तीन-चारच खेळाडू उरतात आणि उतरला तो पदक घेऊन जातो. त्या पदकाला मग बाहेरचं जग हसतं.

पण त्या पसाऱ्यात काही सुंदर गोष्टीही होत्या. ऐंशीच्या दशकात अंध खेळाडूंची उंच उडी होती. जो दिसतच नाही, तो अडथळा ओलांडायचा कसा? यासाठीचा नियम मला फार आवडतो. पूर्ण अंध खेळाडूने धाव घेण्याआधी काठीपाशी जाऊन तिला हात लावून बघितलेलं चालतं. बघताना काठी पडली तरी तो प्रयत्न धरला जात नाही. अंशतः दिसणाऱ्याला काठीवर नजरेला पकडता येईल अशी खूण लावता येते. नियमपुस्तिकेच्या कोरड्या भाषेत लिहिलेलं हे कलम आहे, पण ते लिहिणाऱ्याने क्षणभर डोळे मिटून उंच उडीचा विचार केला असणार.

त्याच काळात बायकांचीही उंच उडी होती.

नंतर आवराआवर सुरू झाली. गट एकत्र केले गेले, कमी खेळाडू असलेल्या स्पर्धा काढून टाकल्या गेल्या. पॅरिस २०२४ मध्ये उंच उडीच्या स्पर्धा किती होत्या? तीन. टी-४७, म्हणजे हातात दोष असलेले. टी-६३ आणि टी-६४, म्हणजे पायात दोष असलेले, कमी-जास्त प्रमाणात. तिन्ही पुरुषांच्या. बायकांची एकही नाही. अंधांची एकही नाही. अंध खेळाडूंना निदान लांब उडी आहे. पॅरालिंपिकमध्ये उंच उडी मारू पाहणाऱ्या मुलीला आज सांगायला उत्तरच नाही. स्पर्धा नाही म्हणून मुली तयार होत नाहीत, आणि मुली नाहीत म्हणून स्पर्धा नाही: हे चक्र कुठून फोडायचं ते आयोजकांना ठाऊक असायला हवं, कारण पुरुषांच्या बाबतीत त्यांनी ते गट एकत्र करून फोडलंच होतं.

उदाहरण बीजिंगचं. २००८ मध्ये तिथे पायात दोष असलेले आणि हातात दोष असलेले खेळाडू एफ-४४/४६ या एकाच स्पर्धेत उडाले. सोनं जिंकलं अमेरिकेच्या जेफ स्किबाने, २.११ मीटर, गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून. वरवर पाहता हात नसलेल्याला सोपं जायला हवं होतं, पाय तर दोन्ही शाबूत! पण फॉसबरी पद्धतीत वळणावर आत झुकत धावावं लागतं, आणि एक हात नसला की तो झुकाव सावरणं आणि शेवटचा झोका देणं दोन्ही बिघडतं. त्याच बीजिंगमध्ये स्पर्धेची ज्योत पेटवायचा मान एका उंच उडीवाल्यालाच मिळाला होता. लहानपणी रेल्वे अपघातात पाय गमावलेला हौ बिन, १९९६, २००० आणि २००४ असा सलग तीनदा पॅरालिंपिक विजेता. तो चाकांच्या खुर्चीसकट दोराला धरून, हाताहाताने स्वतःला ओढत वर ज्योतीपर्यंत गेला. ज्याने आयुष्यभर एका पायावर स्वतःला वर उचललं, त्याच्याकडून हेच करून घ्यावं हे कोणाला सुचलं असेल, त्याला दाद द्यायला हवी.

मग भारताची वेळ आली. गिरीशच्या रौप्यानंतर चारच वर्षांनी रिओत टी-४२ गटात तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातल्या मारिअप्पन तंगवेलूने १.८९ मीटरला सोनं घेतलं आणि वरुणसिंग भाटीने कांस्य. मारिअप्पन पाच वर्षांचा असताना बस त्याच्या उजव्या पायावरून गेली. आई भाजी विकायची. टोकियोत मारिअप्पनला रौप्य आणि मुझफ्फरपूरच्या शरद कुमारला कांस्य. त्याच स्पर्धांत निषाद कुमार आणि प्रवीण कुमार यांना आपापल्या गटांत रौप्य. पॅरिसमध्ये प्रवीणने २.०८ ला सोनं जिंकलं, शरद आणि निषादने रौप्य, मारिअप्पनने कांस्य. सलग तीन पॅरालिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या मारिअप्पनचं नाव तुमच्या आसपासच्या किती जणांना माहीत आहे, बघा विचारून.

या चांगल्या बातम्यांच्या मध्येच टेबलापाशी पुन्हा एक बदल झाला होता. २०१८ पासून गट दोन भागांत तुटले. जे कृत्रिम पाय लावून उतरतात त्यांना साठच्या घरातले आकडे, टी-६१ ते टी-६४. जे त्याशिवाय उतरतात त्यांना जुनेच टी-४२ ते टी-४४. कागदावर वेगळे, पण पॅरालिंपिकच्या उंच उडीत दोघांना एकाच स्पर्धेत ठेवलं. म्हणून टी-६३ च्या स्पर्धेत मारिअप्पन आणि शरद हे खरं तर टी-४२ वाले आहेत.

टोकियोत पाऊस पडत होता. शेवटी उरले मारिअप्पन आणि अमेरिकेचा सॅम ग्रू. ग्रूला शाळेत असताना हाडाचा कर्करोग झाला, आणि शस्त्रक्रियेत त्याच्या पायाचा खालचा भाग उलटा फिरवून घोट्याचा गुडघा केला गेला. ग्रूने १.८८ पार केलं, मारिअप्पनचं चुकलं. दोष असलेल्या पायातला मोजा भिजला आणि धाव घेणं अवघड झालं, असं त्याने नंतर सांगितलं. मोजा ही फार बारीक गोष्ट वाटते. पण या एका स्पर्धेत कोणाचा पाय धातू आणि कार्बनचा आहे, कोणाचा हाडामांसाचा पण अर्धवट, आणि पाऊस दोघांवर सारखाच पडतो. कोणाला त्याचा फायदा झाला हे सांगता येईल अशी पट्टी कोणाकडेही नाही. पॅरिसमध्ये जिंकलेला एझ्रा फ्रेच जन्मतःच गुडघ्याशिवायचा. त्याने १.९४ मारली, शरदने १.८८, मारिअप्पनने १.८५. हे न्याय्य होतं का? मला वाटतं, प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. चारशे गटांचा न्याय आपण १९८४ मध्ये बघितला आहे. त्याहून ही सरमिसळ बरी, कारण इथे निदान जिंकायला कोणाला तरी हरवावं लागतं.

या सगळ्या नावांपुढे त्यांच्या अपंगत्वाची कारणं लिहून काढली, तर एक वेगळाच इतिहास दिसतो. सस्कॅचवनमधलं धान्याचं यंत्र आणि हिमाचलातल्या उना जिल्ह्यात निषादचा उजवा हात घेणारं चारा कापायचं यंत्र. फिजीतली बस आणि सेलममधली बस. चीनमधली रेल्वे. डेव्हिसचा पोलिओ आणि शरदचा पोलिओ, मध्ये पाच दशकांहून जास्त काळ आणि एक लस. शरद दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला, तेव्हा लस अस्तित्वात येऊन कित्येक वर्षं उलटली होती. डेव्हिसच्या देशात तो आजार पुसला गेला होता, आपल्याकडे तो गावोगाव फिरत होता. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे शरदसारखे खेळाडू ज्या कारणाने या गटात आले, ते कारण आपल्याकडे संपलं आहे. पुढच्या उडीपटूंची यादी रस्ते, रेल्वे रूळ आणि शेतातली यंत्रं ठरवतील. या तिन्हींपैकी एकावरही आपल्याकडे लस निघालेली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक पॅरा मैदानी स्पर्धा पहिल्यांदाच भारतात, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाल्या. टी-६३ च्या स्पर्धेत शैलेश कुमारने १.९१ मीटर उडी मारून सोनं घेतलं. पॅरिसचा विजेता एझ्रा फ्रेच दुसरा आला, वरुणसिंग भाटी तिसरा. पुढच्या आठवड्यात निषादने टी-४७ मध्ये २.१४ मीटर पार केलं. घराच्या दाराच्या चौकटीहून थोडं वर.